ड्रमखालची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे, आणि तीही गोणपाटाची. भिसेगावच्या सोनुबाईंनी भाताच्या तीन रिकाम्या गोण्या उसवून, दाभणाने एकत्र शिवून मला घडवलं. त्यांचा मुलगा रूपेश ड्रम वाजवतो. पाय जोरात मारला की पायाजवळचा मोठा ड्रम पुढे पळतो. तो पळू नये म्हणून सोनुबाईंनी माझ्या पोटाला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. रबर जमीन धरतं, माझी खरखरीत पाठ ड्रम धरते. कोणता स्टँड कुठे ठेवायचा, तेही त्यांनी पाठीवर लाल दोऱ्याने टिपून ठेवलं.

त्याच पाठीवर डांबराने लिहिलं आहे, 'नामा, भिसेगाव'. गिरणीत गोण्या मिसळू नयेत म्हणून घरोघरी असं नाव घालतात. नामा हे रूपेशचे वडील.

लोधिवलीजवळच्या एका बंद पोल्ट्री शेडमध्ये मी पाच वर्षं सराव झेलला. रूपेश, गिटारवाला धनेश आणि बेस वाजवणारी समीक्षा, असा हा तिघांचा मेटल बँड. गाणारं कुणी नाही. सात मात्रा, मग पाच, पुन्हा सात, असा अवघड हिशेब, आणि आवाज असा की पत्रे थरथरायचे. एक दिवस जर्मनीतल्या एका छोट्या क्लबचं बोलावणं आलं.

निघताना नामा म्हणाले, "फोटो धाड रं. माझं नाव दिसलं पायजे. तुज्या आधी मी स्टेजवर!"

"तुमाला नावाचं पडलंय," सोनुबाई म्हणाल्या. "ढोल सरकला नाय म्हंजे झालं."

क्लबमध्ये साठेक माणसं होती. स्टेजची लाकडी जमीन गुळगुळीत. आधीच्या बँडचा ड्रमर आपला जाड काळा गालिचा गुंडाळत होता. रूपेशने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धन्या, उलटी टाकू का रं? पोतं दिसतंय."

"तुझं तू बघ. मला गिटार लावायचीय."

त्याने मला उलटं टाकलं. मित्रांनो, मला राग यायला हवा होता. पण मला सुटल्यासारखं वाटलं. त्या गालिच्याशेजारी मलाही ते नाव नकोसं झालं होतं.

दुसऱ्याच रचनेत मी घसरले. रबर वर, गोणपाट खाली, धरणार कोण? ड्रम माझ्यासकट पुढे चालला. रूपेश पाय ताणत राहिला आणि सातातल्या दोन मात्रा हुकल्या. गाणारं कुणी असतं तर चूक झाकली गेली असती. तिघेही थांबले. समोर कुणीतरी खोकलं.

समीक्षाने बेस खाली ठेवला. "ऊठ. सरळ कर तिला. आपलंच पोतं हाय ना, का चोरून आणलंय?"

रूपेशने मान खाली घालून मला उलटवलं. डांबराची अक्षरं उजेडात आली. त्यानंतर शेवटपर्यंत मी बोटभरही हलले नाही.

रूपेशने धाडलेला फोटो पोचला आणि दुसऱ्या दिवशी घरून फोन आला.

"दिसलं रं, ढळढळीत दिसलं!" नामा म्हणाले. "पयल्यापासनं असंच व्हतं ना?"

रूपेश म्हणाला, "नाय, बाबा. आधी उलटी टाकली. लाज वाटली मला."



"मंग ढोल पळाला असंल."

"पळाला."

"चांगला पळाला," नामा म्हणाले, आणि फोन सोनुबाईंकडे दिला.

रूपेशने निदान सांगून टाकलं. लाज मलाही वाटली होती, पण माझं कोण ऐकणार? म्हणून तुम्हाला सांगते आहे. माझी एक रबरी पट्टी उसवली होती. परवा रूपेश स्वतः दाभण घेऊन बसला, बोटाला दोनदा टोचून घेतलं. मित्रांनो, आपल्या माणसाचं नाव असलेली वस्तू मळली तर झटका, फाटली तर शिवा. पण चार लोकांत तिला उलटी घालू नका.