सुमित्रोचं गाव

सुमित्रो बालीचा आहे, असं सत्यजितने उल्हासकाकांना सांगितलं ते दारातच, बूट काढता काढता.

२००५ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातली मराठी मुलं दरवर्षी गणपतीला उल्हासकाकांच्या घरी जमायची. काका तिथल्याच एका लॅबमध्ये कितीतरी वर्षं नोकरीला होते. गावात भारतीय किराणा दुकान जवळपास नव्हतंच, त्यामुळे दीपाकाकूंच्या हातचे मोदक म्हटलं की कॅम्पसच्या टोकावरची मुलंसुद्धा दोन बस बदलून यायची. सत्यजित अकोल्याचा, मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करत होता. वर्षभर एकत्र राहिल्यावर त्या वर्षी त्याने रूममेटलाही सोबत आणलं.

"हे कोण?" काकांनी मराठीत विचारलं.

"माझा रूममेट, काका. सुमित्रो. इंडोनेशियाचा."

"इंडोनेशिया?"

काकांच्या कपाळाला खरंच आठी पडली, की सत्यजितला तसं वाटलं, हे त्याला नंतरही कधी सांगता आलं नाही. पण जुलैमध्ये, लंडनच्या स्फोटांनंतर, काका जेवताना 'ह्या लोकां'बद्दल जे बोलले होते ते त्याला आठवलं. आणि तोंडातून निघून गेलं, "बालीचा आहे, काका. हिंदूच आहे."

"अरे वा! मग आपला सौमित्रच म्हण की!" काकांनी सुमित्रोचे दोन्ही हात हातात घेतले आणि इंग्रजीत सांगितलं की बालीचा हिंदू घरी येणं म्हणजे आमचं भाग्य. सुमित्रोने सत्यजितकडे पाहिलं. सत्यजित खाली वाकून बुटाची लेस सोडवत राहिला. लेस केव्हाच सुटली होती.

आरतीला सुमित्रो मागे उभा होता. काकांनी त्याला हाताला धरून पुढे आणलं आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत विचारलं, "तुमच्या गावातही गणपती बसत असेल ना?"

सुमित्रोने जरा विचार केला. मग म्हणाला, "आमच्या गावच्या तळ्याकाठी दगडाचा एक गणेश आहे. फार जुना. लहानपणी आम्ही त्याच्या मांडीवर बसून मासे धरायचो."

सगळे हसले, खूश झाले. त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. त्याने फक्त सत्यजितला उघडं पाडलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्याने विचारलं, "बाली का?"

"सोपं पडतं यार. जावातलं तुझं गाव कुणाला माहीत असणार? बाली सगळ्यांना माहीत असतं."

"आणि हिंदू?"

सत्यजितने खिडकीबाहेर बघितलं. "काका जुन्या वळणाचे आहेत."

घरी आल्यावर सुमित्रोने आपल्या खोलीत जाऊन राहिलेला नमाज पढला, आणि मग नेहमीसारखा चहा केला. दोघांसाठी.

तसा तो बोलका होता, पण बोलणं फिरून फिरून आपल्या मुलखावरच यायचं. गुनुंगकिदुल, म्हणजे दक्षिणेचे डोंगर. सगळा चुनखडीचा दगड. पाऊस धो धो पडायचा आणि दगडाच्या भेगांतून खाली जायचा. वर एक ओढा नाही, आणि पायाखाली अख्खी नदी वाहतेय. उन्हाळा लागला की तळी आटायची आणि बायका पाण्यासाठी डोंगर उतरायच्या. भात पिकायचा नाही, म्हणून कसावाचे कंद वाळवून, कुटून, वाफवून खायचे. त्याला ते तिवुल म्हणत. पायाखालची ती नदी शोधायचीच म्हणून सुमित्रो जिऑलॉजी शिकला होता. पेनसिल्व्हेनियातला हा दगडही तसाच आहे, असं तो सांगायचा. रविवारी सत्यजितला ओढून बाहेर न्यायचा आणि शेतातला एखादा खड्डा दाखवायचा, "बघ, इथे पाणी आत जातंय." सत्यजित हो हो म्हणायचा. मनात त्याच्या लॅबमधलं मशीन चालू असायचं.

दिवाळीला, संक्रांतीला काकूंकडून दोघांनाही बोलावणं आलं. काका सगळ्यांशी ओळख करून देताना "आमचा बालीचा सौमित्र" म्हणायचे. प्रत्येक वेळी सत्यजित ताटाकडे बघायचा. खरं सांगायची वेळ केव्हाच निघून गेली, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

पुढच्या मे महिन्यात, एका शुक्रवारी संध्याकाळी, जावात भूकंप झाला. तिथे पहाट होती, लोक घरांत होते. सुमित्रोला त्याच्या मित्राचा फोन आला आणि तो कॉलिंग कार्ड घेऊन बसला. गावात दोनच फोन होते. दोन्ही लागेनात. टीव्हीवर पडलेली घरं दिसत होती, मेलेल्यांचा आकडा वाढत होता. शनिवारी सकाळीही तो सोफ्यावर तसाच होता, तेच नंबर फिरवत.

त्याच वेळी सत्यजितचा फोन वाजला.

"अरे सत्यजित, बातम्या बघितल्या का?" उल्हासकाका होते. "आपला सौमित्र ठीक आहे ना रे? त्याच्या घरचे? दीपा सकाळपासून माझ्या मागे लागलीय, फोन करा म्हणून. मी तिला म्हटलं, बाली तिथून लांब आहे."

सुमित्रो चार हातांवर बसला होता. सांगायचं असेल तर हीच वेळ होती.

"हो काका," सत्यजित म्हणाला. "बाली लांब आहे. बाली सेफ आहे. सगळे सेफ आहेत."

फोन ठेवून तो वळला तर सुमित्रो त्याच्याकडेच बघत होता. मराठी त्याला येत नव्हतं. पण 'बाली' आणि 'सेफ' कळायला मराठी लागत नाही.

"सगळे सेफ आहेत?" त्याने हळू विचारलं. "तुला कळलं? मला अजून कळलं नाही."

सत्यजितचे कान तापले. सुमित्रो कार्ड आणि फोन घेऊन खोलीत गेला. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

सत्यजित बाहेर पडला आणि बस धरून थेट काकांच्या घरी गेला. काका लॉन कापत होते. त्याला बघून त्यांनी मशीन बंद केलं. त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. सुमित्रो बालीचा नाही, जावाचा आहे. हिंदू नाही, मुसलमान आहे. भूकंप त्याच्याच भागात झालाय आणि घरच्यांचा पत्ता नाही. आवाज ऐकून काकू बाहेर आल्या.

काकांनी हातातले ग्लव्हज एकेक करून काढले.

"म्हणजे खरं सांगितलं असतंस, तर मी त्याला घरात घेतलं नसतं, असं वाटलं तुला?"

सत्यजित बुटांवर उडालेलं गवत झटकू लागला.

"वाटलं असेल. मी बोलतोही तसंच," काका म्हणाले. राग होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. "पण दारात आलेल्या माणसाला मी परत पाठवलं असतं? निदान मला ठरवू तरी द्यायचं होतंस."

"ते राहू दे आता," काकू म्हणाल्या. "त्या पोराचं काय ते बघा. माझी मैत्रीण आहे ना, विंडसरची नीलांबरी, तिचा भाऊ जाकार्तात नोकरीला आहे, त्याला फोन लावते. तो तिथून चौकशी करेल. सत्यजित, गावाचं नाव काय म्हणालास?"

सत्यजितने तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला.

तळं, दगडातल्या भेगा, तिवुल, गावातले दोन फोन, सगळं त्याला माहीत होतं. दोन वर्षं एका छताखाली काढली होती. नाव सुमित्रोने कितीदा घेतलं असेल. पण ते कानांवरून गेलं होतं, एकदाही आत शिरलं नव्हतं.

"मला... मला माहीत नाही, काकू."

काकू रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. काकांनीच गाडीची किल्ली आणली. "चल, सोडतो. विचार आणि लगेच फोन कर."

खोलीचं दार सत्यजितने हलकेच वाजवलं. सुमित्रो जमिनीवर बसला होता, पुढ्यात नकाशा.

"काकांना सगळं सांगितलं," सत्यजित म्हणाला. "काकू जाकार्तात कुणाला तरी फोन करतायत." पुढचं वाक्य त्याला भिंतीकडे बघून बोलावं लागलं. "त्यांना तुझ्या गावाचं नाव हवंय."

सुमित्रोला समजायला एक क्षण लागला. मग समजलं.

"ङलेसुंग," तो म्हणाला.

शाळेत अक्षरं घोकताना जे अक्षर नुसतं म्हणून पुढे जायचं, त्यानेच नाव सुरू होत होतं. सत्यजितने दोनदा म्हणून बघितलं. दोन्हीदा चुकला. सुमित्रोने तिसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही, कागदावर लिहून दिलं.

रविवारी दुपारी जाकार्ताहून निरोप आला. सुमित्रोचं घर पडलं होतं, वडिलांचा पाय मोडला होता, आई आणि बहीण सुखरूप होत्या. शेजारच्या घरातली आजी गेली होती. सुमित्रो रडला तेव्हा सत्यजित स्वयंपाकघरात उभा होता. जवळ जावं की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही.

त्या आठवड्यात सुमित्रो गावी गेला. ऑगस्टमध्ये परत आला तो एका टर्किश मुलासोबत दुसरीकडे राहायला गेला. भांडण झालं नाही. लायब्ररीत भेटला की "कसं चाललंय?" विचारायचा, आणि उत्तर ऐकून घ्यायचा.

गणपतीच्या आधी काकूंचा फोन आला. किती जण येणार, कुणाला घ्यायला गाडी पाठवायची, असं सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "परवा सुमित्रो जेवून गेला हं. गावाचे फोटो आणले होते. तुझे काका तर त्याला सोडायलाच तयार नव्हते, पाणी कुठून येतं नि कुठं जातं, विचारतच बसले. तुला बोलला असेल ना?"

"नाही, काकू."

"अस्सं," काकू म्हणाल्या. "बोलेल."

"बरं झालं आला ते," सत्यजित म्हणाला. मनापासून म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र सुमित्रोच्या रिकाम्या खोलीसमोरून स्वयंपाकघरात जायला त्याचा पाय उचलेना.