आंडोर म्हणजे मुलगी

जांभळ्या शाईतला गोल शिक्का मनगटावर अजून होता — मधोमध 'छान', भोवती पाच पाकळ्या, त्यातली एक पुसट. शनिवारी उठलेला शिक्का सोमवारी सकाळीही टिकतो म्हणजे दोन दिवस पोरीने हात धुतले तरी कसे, कोण जाणे... दीपमालाने टॉवेलाचं टोक ओलं केलं, साक्षीचं मनगट धरलं, तर तिने ते झटक्यात मागे ओढून पाठीशी लपवलं. "तो नको पुसूस. कामिनी मॅडमनी दिलाय." दोन तास — फक्त दोन तास ही पोरगी शनिवारी बापाबरोबर त्या शाळेत होती, नवी शाळा बघायला म्हणून, आणि येताना कामिनी मॅडमना घरी घेऊन आली. जेवताना कामिनी मॅडम, वेणी घालताना कामिनी मॅडम. दहा वर्षं मी हिच्या उवा काढल्या, पाढे पाठ करून घेतले, तापात रात्र रात्र बसले, आणि माझी एक गोष्ट म्हणून हिने कधी अशी जपली नाही... दीपमालाने टॉवेल खुंटीला टाकला आणि दुसरी वेणी जरा जास्तच आवळून घातली. "आई, दुखतंय," साक्षी म्हणाली. दुखू दे, असं मनात आलं आणि दीपमालाला स्वतःचीच लाज वाटली.

साक्षीची वस्तीतली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला दोनच शाळा, दोन्ही सरकारी — टाकीजवळची महापालिकेची, घरापासून सात मिनिटांवर, पण तिथे पाचवी-सहावी एकाच खोलीत बसते. आणि साक्री रोडवरची, सगळे जिला माळावरची म्हणतात ती जिल्हा परिषदेची, रिक्षाने वीस मिनिटं. धाकटा प्रशील अजून अंगणवाडीत, त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न थोरलीचा होता. राजदीप वीज कंपनीच्या ऑफिसला निघताना गाडीला किक मारता मारता म्हणाला, "दीपा, आज शाळेचं नाव सांगून टाक. साक्षीच्या गुरुजींनी दाखल्यासाठी चारपर्यंत वेळ दिलाय. माळावरचीच बरी. आणि मॅडम तुझी मैत्रीणच निघाली, अजून काय पाहिजे?"

"बघते," ती म्हणाली.

मैत्रीण! अरे वा रे मैत्रीण. राजदीपला सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं. दोघी डी.एड.ला धुळ्यात एका होस्टेलवर, एका खोलीत होत्या, एवढं त्याला माहीत. दीपमालाला नोकरी लागली नाही, कामिनीला लागली, हेही माहीत. तो तक्ता मात्र तिने त्याला कधी सांगितला नव्हता. चौदा वर्षांपूर्वीचा एक तक्ता, आकाशी कार्डशीट, काळ्या स्केचपेनने ओढलेले दोन रकाने — काय सांगायचं त्यात? सांगितलं असतं तर हसला असता. हसण्यासारखंच होतं ते.

झालं होतं असं की सराव पाठासाठी त्यांना एका खेड्यातली तिसरी दिली होती आणि तिसरीतली पोरं तोंडच उघडत नव्हती. पुस्तकातलं मराठी त्यांना परकं, घरचं बोलणं वर्गात चालायचं नाही. दीपमालाला एकदम सुचलं — एका रकान्यात त्यांचे शब्द लिहू, दुसऱ्यात पुस्तकातले. आठे, इथे. तठे, तिथे. माले, मला. सगळ्या होस्टेलवर दुसऱ्या कुणाला सुचलं नाही ते तिला सुचलं, तिला, जिला अहिराणी धड येतही नव्हती! वडील दीपनगरला वीज केंद्रात, वाढली कॉलनीत, तिथे नागपूर-कोल्हापूरची मिळून एकच कॉलनीची मराठी. म्हणून तर तिने तक्ता कामिनीसमोर धरला होता. कामिनी साक्रीकडची, आईच्या दुधाबरोबर अहिराणी प्यायलेली. "बघ गं, काही चुकलं का?" कामिनीने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली होती, सावकाश, आणि म्हणाली होती, "बरोबर शे."

बरोबर नव्हतं. दीपमालाने आंडोरसमोर मुलगी लिहिलं होतं आणि आंडेरसमोर मुलगा. उलटं. वर्गात तक्ता उलगडला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग बाई आंडोर शे का?" — आणि ती मुकी तिसरी जी हसत सुटली ती घंटा होईपर्यंत आवरली नाही. मार्गदर्शक सरांनी पाठ टाचणावर लाल शेरा मारला, वर्गनियंत्रण नाही, प्रमाणभाषा वापरावी. कामिनी तेव्हा भिंतीला टेकून उभी होती. तिने खरंच नीट पाहिलं नव्हतं, की पाहून... चौदा वर्षं दीपमाला हे उलटसुलट करत होती. भाकरी थापताना, शिकवणीच्या पाच पोरांना भागाकार समजावताना, भरतीच्या परीक्षेत नऊ गुण कमी पडले त्या दिवशी, पुन्हा बसली आणि वीस कमी पडले त्या दिवशी तर दिवसभर.

साक्षी शाळेत गेली, प्रशीलला अंगणवाडीत सोडलं, आणि साडेनऊला दीपमाला माळावरच्या रिक्षात बसली. संडास बघू, पाण्याची टाकी बघू, रस्त्याला कठडा आहे का बघू — ती स्वतःला सांगत होती, आई म्हणून बघायलाच हवं. पण मनात काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. काहीतरी वाईट सापडू दे. कसलंही. तुंबलेली मोरी चालेल, सुटलेला पत्रा चालेल.

संडास धुतलेले होते. टाकीला झाकण होतं, शिवाय तोटीही होती. कडुनिंबाखाली पाचवीचा वर्ग बसला होता आणि वीसेक पोरं एकदम बोलत होती, कुणी घाबरून गप्प नव्हतं. असा वर्ग दीपमालाने मनात कितीदा भरवला होता, हुबेहूब असा... फक्त त्यात खुर्चीत ती स्वतः असायची.

"दीपे? तूच ना गं?" कामिनी उठून आली. कानाजवळ केस पांढरे झालेले, बोटांना खडू. "शनिवारी साक्षीला बघूनच म्हटलं, ही हसते कुणासारखी! ये, आत ये, ऊन शे."

आत भिंतीवर तक्ता होता. कागदाचा नाही, भिंतीवरच रंगवलेला, दारापासून खिडकीपर्यंत, दोन रकाने. आठे, तठे, माले, बठ्ठा... दीपमाला एकेक वाचत खाली आली आणि खालून दुसऱ्या ओळीवर थांबली. आंडोर — मुलगी. आंडेर — मुलगा.

चोरला म्हणावं तर चूकसुद्धा चोरली होती.

"ओळखलास?" कामिनी म्हणाली. "चूक मुद्दाम ठेवलीय तशीच. सहा वर्षं झाली मला इथे, दर वर्षी नवी पाचवी आली की पहिल्या आठवड्यात पोरं हसतात, मॅडम चुकलं म्हणतात. मी खडू देते हातात. मॅडमचं चुकलेलं सांगता आलं ना, की मग ती कशालाच घाबरत नाहीत बघ. कुणी लिहिलं म्हणून विचारतात. मी सांगते, मनी मैत्रीण शे, माझीच, दीपमाला नावाची."

म्हणजे सहा वर्षं माझं नाव या खोलीत घेतलं जातंय, दर जूनमध्ये, चुकलेली बाई म्हणून — आणि त्याच चुकीवर हिचा वर्ग बोलता होतोय. संतापावं की फुलून यावं हे तिला कळेना. दोन्ही एकदम झालं.

दारातून एक परकर-पोलक्यातली मुलगी डोकावली. "मॅडम, मी पानी पेवाले जाऊ का?"

"जाय, लवकर ये," म्हणून कामिनी भिंतीकडे वळली आणि दीपमालाकडे न बघता, आवाज न बदलता म्हणाली, "त्या दिवशी मी तुला बरोबर शे म्हटलं होतं. मला दिसलं होतं गं उलटं लिहिलेलं. पण तुझा पाठ आधी, माझा नंतर, आणि मला असलं काही सुचलेलं नव्हतं. पोटात दुखलं माझ्या. म्हटलं हसू दे हिला पोरं एकदा." मग वळून म्हणाली, "चौदा वर्षं सांगायचं राहिलं. चहा घेतेस?"

दीपमाला नको म्हणाली. घरी काम आहे म्हणाली. अजूनही काहीतरी म्हणाली, चांगलंच, हसूनसुद्धा, कारण कामिनीही हसली होती. पण काय म्हणाली ते रिक्षात बसेपर्यंत तिला आठवेना.

बरोबर होतं म्हणजे माझं. चौदा वर्षं जे धरून बसले ते खरं निघालं. रस्त्याकडेच्या पपईच्या बागा मागे पळत होत्या आणि ती वाट बघत होती — आता बरं वाटेल, आता थंड वाटेल... कामिनीच्या पोटात दुखलं होतं! माझ्यामुळे! हे तर पेढे वाटण्यासारखं होतं. क्षणभर ती फुललीही. मग हिशेब कुठेतरी अडला. एका सराव पाठाचे गुण ते किती. परीक्षेच्या हॉलमध्ये कामिनी नव्हती. नऊ गुण मीच कमी पाडले, आणि पुढचे वीसही, आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरला नाही तोही मीच. चौदा वर्षं एका 'बरोबर शे'वर सगळं ढकललं होतं, आणि आज त्या बाईने आपला वाटा उचलून नेला, आणि उरलेलं सगळं माझंच, एवढं मोठं...

आणि वर तिला ते बोलता आलं. खडूचे हात पुसत, भर दिवसा, चहा घेतेस का विचारावं तसं. मला आलं असतं? मला तर सकाळी पोरीची वेणी का आवळली तेही कबूल करता आलं नाही. हेवा वाटायचा तर नोकरीचा वाटावा, वर्गाचा वाटावा. पण आता तिला कामिनीच्या त्या एका वाक्याचा हेवा वाटत होता, आणि तो आधीच्या सगळ्यांहून कडू होता.

गुरुजींना काय सांगायचं? रस्ता धोक्याचा आहे, सांगता येईल. रिक्षा परवडत नाही, सांगता येईल. राजदीपला पटेल, साक्षी दोन दिवस रडेल आणि विसरेल. कारणं पुष्कळ होती, एकेक चांगलं, कुणी खोडू न शकणारं. ती एकेक कारण बाजूला करत गेली आणि शेवटी खाली एकच राहिलं, ज्याच्याकडे तिने आजवर सरळ पाहिलं नव्हतं — साक्षी तिथे, कामिनीच्या वर्गात, सुखात राहील. माळावरच्या शाळेला नाही म्हणायला तिच्याकडे खरं कारण एवढंच होतं. ते तिला आता स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही तोंडात 'नाही' तयार होतं.