साठ पावलं मागे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. तळ्याकाठच्या पायवाटेवर, वाळक्या गवताच्या आडोशामागे माझी जागा आहे. पूर्वी मी पार पुढे होतो, बगळ्यांची घरटी असलेल्या झुडपांना जवळजवळ खेटून.

मला एका सुतारानं घडवलं. पाहुण्यांना तळं पाहता यावं म्हणून ही पायवाटही त्यानंच बांधली. तिचा आराखडा त्याच्या लेकीचा. सुताराची एक सवय होती. बाक ठोकण्याआधी तो त्या जागी स्टूल टाकून सकाळभर बसायचा. बसणाऱ्याला काय दिसतं, ते आधी बघायचा. आराखड्यात माझी जागा बरीच मागे होती. लेकीनं परोपरीनं सांगितलं, पण बाप ऐकेल तर शपथ!

"एवढ्या लांबून काय, नुसते पांढरे ठिपके बघायचे?" म्हणाला, आणि मला पुढे बसवलं.

माझं भारी कौतुक झालं. बसायला रांग लागायची. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या वर्षी घरटी निम्म्यावर आली. चौथ्या वर्षी एकही बगळा उतरला नाही. मग पाहुणेही आटले. सुताराच्या बहिणीनं पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या, त्यांना कुलूप लागलं.

"दादा, बगळे आले नाहीत तर मला गाव सोडावं लागेल रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लेकीनं त्याचं स्टूल उचललं आणि रिकाम्या घरट्यांखाली नेऊन ठेवलं.

"बाबा, आता इथं बसा."

ती आणि आत्या माझ्यावर येऊन बसल्या. सुतार बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला.

"काय दिसतं?" लेकीनं विचारलं.

"तुम्ही दोघी. अगदी अंगावर आल्यासारख्या." तो स्टुलावरून उठला. "चुकलंच माझं, पोरी."

त्यानंच माझे स्क्रू काढले. साठ पावलं मोजून मला मागे आणलं, पुढे आडोसा उभा केला आणि बघण्यापुरती फट ठेवली.

दोन वर्षं मी ओस पडलो. "इथून काय दिसतं, डोंबल!" म्हणत लोक निघून जायचे. मला वाईट वाटायचं. गेल्या वर्षी बगळ्यांच्या तीन जोड्या आल्या. आत्यानं एक खोली उघडली. दुसरी अजून बंद आहे.

मित्रांनो, माझ्या फळ्या आता कुरकुरतात. जमलं तर वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. पण मला पुढे सरकवावं असं तुम्हाला वाटलं, तर आधी स्टूल घेऊन घरट्यांपाशी बसा आणि तिथून माझ्याकडे बघा.