तेरा इंचांवरची लेक

लेक विमानात असली की आमच्या घरात कात्री चालत नसे. हे शिंपी, दिवसभर कात्री हातात. पण विमान उडाल्याचा निरोप आला की ती मिटून गादीखाली जायची. चौदा तासांनी, पोचल्याचा फोन आल्यावरच पुन्हा कापड कापायचं. असं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता, एवढा हेकट माणूस.

आता लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. "दोघंही या," म्हणाली. यांनी भिंतीवरच्या नकाशावर टेप लावली, आमच्या विमानतळापासून तिच्या विमानतळापर्यंत. मधे सगळं निळं.

"चौदा तास नुसतं पाणी," हे म्हणाले. "मला नाही जमायचं. तू जा."

मी एकटी जाणार नव्हते, तेही पक्कं. चार दिवस आमचा अबोला होता आणि तिकडे तिचे दिवस भरत आले होते. मला रडू यायचं, पण यांच्यासमोर नाही.

पाचव्या दिवशी शाळेतल्या बाई पृथ्वीचा गोल घेऊन आल्या. धूळ बसते म्हणून त्याला खोळ शिवून हवी होती. यांनी घेर घेतला, बेचाळीस इंच भरला. मग टेप काही हातातून सुटेना. एक टोक आमच्या विमानतळावर, दुसरं तिच्या. समुद्रावरून साडेपंधरा इंच. टेप जरा ताणली, तर ती आपली आपणच वर सरकली, पांढऱ्या बर्फाकडे. तेरा इंच.

"विमान असंच जातं," बाई म्हणाल्या. "जवळच्या वाटेनं."

"चाळीस वर्षं लोकांची पोटं मोजलीत," मी म्हटलं. चार दिवसांतलं माझं पहिलंच वाक्य. "आणि पृथ्वी तेवढी सपाट धरलीत."

हे तेरा इंचांवर बोट ठेवून बसले.

"बर्फ आहे म्हणजे काहीतरी गरम शिवायला हवं," म्हणाले.

तिकिटं हातात येईपर्यंत बाळ झालंसुद्धा. विमानात समोरच्या पडद्यावर तीच वाकडी वाट होती, आणि खिडकीखाली पिंजलेल्या कापसासारखं पांढरं, संपतच नव्हतं. सूर्य मावळायचं नाव घेईना. किती वाजले, कुठल्या गावचे वाजले, काही कळेनासं झालं. मला वाटलं, आपण जात नाही आहोत, खालचा गोलच कुणीतरी हळूहळू फिरवतंय.

"आपण वर असताना खाली कोण थांबलं असेल गं?" यांनी विचारलं. मी यांचा हात धरला.

लेकीनं दार उघडलं ते बाळाला खांद्यावर घेऊनच. बाळाच्या नव्या झबल्याला दुकानाचं लेबल तसंच लटकत होतं. यांना आधी तेच दिसलं.

"अगं, टोचेल त्याला. कापलं नाहीस?"

"कशी कापणार, बाबा? तुम्ही दोघं वर होतात ना."

यांनी हात पुढे केला. म्हणाले, "उतरलो आता. आण कात्री."