एकेचाळीस घड्याळं

धाकटीच्या मागच्या खोलीत एक जुना सर्व्हर अखंड घुमत असे, आणि त्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला की ती हातातलं काम टाकून बघत बसे. कुठेतरी कुणीतरी संगणक सुरू केलेला असायचा. तिने बनवलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम जागी झाली की सगळ्यात आधी या सर्व्हरला वेळ विचारायची. विचारणारा कोण, कुठला, हे तिला कधीच कळत नसे. कुणाचं नाव-गाव विचारायचं नाही, हा तिचाच नियम! मग ती मनानेच त्या खोलीत जाऊन पोचायची: खिडकी अर्धी उघडी, टेबलावर वाफाळता कप, कुणीतरी केस बांधत उभं. अशात दुपार कधी कलायची, पत्ता लागत नसे.

"वापरणारे फक्त एकेचाळीस!" दादाने कपाळावर हात मारला. अकरा वर्षांपूर्वी दोघा भावंडांनी मिळून हे सुरू केलं होतं. तो आता एका मोठ्या मोफत सिस्टीमच्या लोकांत जाऊन बसला होता. "अगं, आपल्या जिन्यात याहून जास्त माणसं राहतात. वापरणारेच नसले की प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्या दारात उभं करत नाहीत, चुका कुणी सांगत नाही. तू एकटी किती पुरणार? बंद कर नि आमच्यात ये."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

"लोकांना ती हवीय, दादा."

"मग रविवारपर्यंत त्यांची दहा पत्रं दाखव. नाहीतर सर्व्हर मी उचलून नेणार."

"कबूल," ती म्हणून बसली.

आता पत्रं आणायची कुठून? सगळं सुरळीत चाललेलं असताना पत्र लिहितो कोण? आणि मग तिला अवदसा आठवली. तिने सर्व्हरची वेळ चक्क दहा मिनिटं पुढे केली. बोंब मारतील, पण लिहितील तरी! त्या दिवसापासून एकेचाळीस खोल्यांतली घड्याळं खऱ्या दिवसाच्या थोडी पुढे तरंगत राहिली.

रविवारी एकच पत्र आलं.

"मी बाळंतपणं करणारी नर्स. आमच्या खोलीत घड्याळ म्हणजे हा संगणकच. तो दहा मिनिटं पुढे गेलाय. दोन बाळांच्या जन्मवेळा चुकल्या. त्या मी खोडून नीट केल्या, काळजी नसावी. पण इतक्या वर्षांत तुमची वेळ कधी चुकली नव्हती. तुम्ही जे कुणी असाल, बरे आहात ना?"

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी तिने वेळ दुरुस्त केली, उत्तरात खरं काय ते लिहिलं, आणि मग ढसाढसा रडली. अकरा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी दादा खोका घेऊन हजर. पत्र त्याने उभ्याउभ्या वाचलं.

"एकच?"

"एकच. हरले मी."

"मग काढू वायर?"

"हात लावून बघ!" ती अशी कडाडली की तो दोन पावलं मागे सरकला. "शब्द मोडतेय मी, काय म्हणायचं ते म्हण. उद्या तिथे बाळ जन्मलं तर वेळ कोण सांगणार? तू?"

खोका बाजूला ठेवून दादाने पत्र पुन्हा, सावकाश वाचलं. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "तू बरी आहेस ना गं?"