टेबलाखालची टकटक

परक्या मुलखातल्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या भुताच्या गोष्टीचं शेवटचं पान सर आठवडाभर लांबणीवर टाकत आले होते. कधी कठीण शब्द, कधी मागची उजळणी. आज मात्र सबबींचं गाठोडं रिकामं झालं होतं.

सरांचा आवाज इतका हळू, की मुलांनी त्यांचं ‘कुजबुजे’ करून टाकलं होतं. पण हे पान आलं की कुजबुजे भाव खाऊन जात. गोष्टीतला घरमालक थोरल्या भावाला पुरून घरी येतो, आणि भावाच्या रिकाम्या खोलीतून टकटक ऐकू येते. नेमक्या त्या ओळीवर सर टेबलाखाली बोटांची पेरं आपटत नि अख्खा वर्ग दचके.

यंदा त्या आवाजाची धास्ती त्यांनाच होती. अंथरुणाला खिळलेले वडील असंच भिंतीवर ठोकून त्यांना बोलावत. पाणी हवं, कूस बदलायची. गेल्या महिन्यात ते गेले, आणि भिंत मुकी झाली.

“सर, आज टकटक ना?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

“आज नुसतं वाचू या.”

“हे काय हो सर! माझा दादा या वर्गात होता, तेव्हा त्याची बोबडी वळली होती.”

“तुझ्या दादाची पाल बघूनही वळते,” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

सर वाचू लागले. ओळ आली. सारा वर्ग श्वास रोखून बसला. इतक्या डोळ्यांना नाही म्हणण्याचं बळ सरांच्या अंगी कधीच नव्हतं. हात टेबलाखाली गेला.

टक, टक.

“आलो, बाबा!”

खुर्ची मागे सरकली होती, पुस्तक खाली पडलं होतं, आणि सर दाराच्या रोखाने निघालेही होते.

मग टाळ्यांचा कडकडाट. कुजबुजेंनी यंदा कमालच केली होती.

“पण सर,” पहिल्या बाकावरची मुलगी पुस्तकात बोट घालून म्हणाली, “गोष्टीतला मालक तर उठतच नाही. घाबरतो ना तो?”

इतकी वर्षं त्यांनी फळ्यावर हेच उत्तर लिहून दिलं होतं.

“घाबरत नाही,” सर म्हणाले. “उठून गेलं, तर खोली रिकामी दिसेल, हे त्याला ठाऊक असतं.”

“सर, वन्स मोअर!” मागचा बाक ओरडला.

सर खुर्चीत बसले, आणि दोन्ही हात, सगळ्यांना दिसतील असे, त्यांनी टेबलावर ठेवले.