रिकाम्या भांड्याचा मिक्सर

नमस्कार मित्रांनो! ओट्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला मी एक जुना मिक्सर बोलतोय. जरा कर्कश आहे, सांभाळून घ्या. आयुष्यभर ओरडूनच बोललो.

माझा जन्म इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून देपालपूरच्या दुकानात गेलो, आणि रुपालीच्या लग्नातला आहेर म्हणून ‘जुनी इंदूर’ मोहल्ल्यातल्या या घरी आलो. काय ते दिवस होते! सकाळी पोह्यांबरोबर माझी हिरवी चटणी असायचीच. रुपालीचा नवरा संघदीप बोटं चाटत म्हणायचा, "क्या बात है!" आणि मी नुसता फुगून जायचो. मग संबोधी झाली. तिच्यासाठी वरण-भात बारीक करून द्यायचं कामही माझंच.

मग धाकटा अर्पित झाला, आणि रुपाली कुठेतरी हरवली. म्हणजे घरातच होती हो. पोरांना न्हाऊ घालायची, भरवायची, पण हसायची नाही. दूध डोळ्यांदेखत उतू जायचं आणि ही नुसती बघत राहायची.

एकदा तिनं संघदीपला सांगून पाहिलं. "अहो, मला बरं नाही वाटत. कशातच मन नाही लागत. बाळ रडतं ना, तर वाटतं, मी याची आईच नाहीये."

"थकली आहेस तू. दो-दो बच्चे हैं, होता है," तो म्हणाला. सासूबाई कौसल्याबाईही म्हणाल्या, "आम्ही नाही का पोरं वाढवली? टेन्शन मत ले." माणसं वाईट नव्हती. पण रुपालीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या संध्याकाळी पोरांना टीव्हीसमोर बसवून ती आत आली. दार लोटलं. माझ्यावर रिकामं भांडं बसवलं आणि बटण फिरवलं. अगं बाई, आत काहीच नाही! मी घरघरत ओरडलो. मग दिसलं, ओट्यावर डोकं टेकून ती रडत होती. माझ्या आवाजाच्या आड, अगदी मोठ्यानं. थोड्या वेळानं तिनं मला बंद केलं, तोंड धुतलं आणि बाहेर गेली.

मग ते रोजचंच झालं. शेजारच्या बेबीताई सासूबाईंना म्हणायच्या, "बघावं तेव्हा मिक्सर चालू! तुमची बहू बड़ी मेहनती है हो." संबोधी सुरुवातीला विचारायची, "आई, चटणी कुठे?" पुढे तिनं विचारणं सोडलं. अर्पित रडायला लागला की ती त्याला मांडीवर ओढून म्हणायची, "चूप! आईचा मिक्सर चालू आहे ना." एवढीशी पोर ती! मला फार वाईट वाटायचं.

रिकामा फिरून फिरून मी तापायला लागलो. एक दिवस जळका वास आला. संघदीपनं मला लगेच दुकानात नेलं, पण मोटर गेलीच होती. घरी येऊन तो म्हणाला, "खाली चलाती है क्या इसे?"

"हो," रुपाली म्हणाली.

त्याला ती गंमत वाटली. हसत हसत जाऊन तो नवा मिक्सर घेऊन आला. "बघ, याला आवाजच नाही! बाळ झोपलेलं असलं तरी चालव."

रुपालीनं तो एकदा लावून पाहिला आणि बंद केला. "छान आहे," म्हणाली.

काल संध्याकाळी ती आत आली, दार लोटलं आणि ओढणी तोंडात कोंबून रडू लागली. तेवढ्यात बाहेर टीव्हीचा आवाज एकदम वाढला. संबोधीनंच वाढवला होता.

"ए, आवाज कम कर!" संघदीप ओरडला. ती ऐकेना, तेव्हा त्यानं रिमोट हिसकावून घेतला. टीव्ही बंद झाला, आणि आतलं रडणं त्याला ऐकू गेलं. त्याची पावलं दारापर्यंत आली. उघड रे बाबा, उघड! मी मनातल्या मनात ओरडत होतो.

"रुपाली," तो बाहेरूनच म्हणाला, "चहा होईल का?"

"हो, ठेवते."

मित्रांनो, मला खुशाल भंगारात द्या, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या घरात कोणी असं दार लोटून बसत असेल, तर ते दार उघडा. चहा मागू नका. जवळ बसा, डॉक्टरांकडे घेऊन जा. माझ्यातून जळका वास आला, तर मला त्याच दिवशी दुकानात नेलं होतं. ती मात्र अजून ओट्याशीच उभी आहे.